खुर्चीशेजारची आकृती

पडद्याआड सतरा नंबरची आकृती आली. इतर उमेदवारांसारखीच करडी, आवाजही सगळ्यांसारखाच. नाव, गाव, बोली, चेहरा, सगळं हा पडदा पुसून टाकायचा. आता भेदभावाला जागाच नाही, असं म्हणत सागरतळ संस्थेने तीन वर्षांपूर्वी राखीव जागा बंद केल्या होत्या.

आकृतीने खुर्चीशेजारी उभ्यानेच सगळी उत्तरं दिली. उत्तरं बरोबर होती. ती बाहेर गेल्यावर मुलाखत समितीचे प्रमुख परांजपे सरांनी शेरा लिहिला, "आत्मविश्वास कमी. नापास."

समितीतल्याच डॉ. प्रज्ञा हिवराळेंना राहवेना. त्यांनी तीन वर्षांच्या मुलाखतींची चित्रणं उघडून पाहिली. एकशे चार उमेदवार मुलाखत संपेपर्यंत उभेच होते. त्यांतल्या एकाचीही निवड झाली नव्हती.

"अहो, समोर खुर्ची असताना माणूस बसत का नाही?" परांजपेंना खरंच कळेना.

"आपण कुणाला बसा म्हटलंय का सर? आमच्या घरात न सांगता कुणी बसत नसे. आजोबा तर सांगितलं तरी बसायचे नाहीत. माझ्या मुलाखतीत मीही उभीच होते. शेराही हाच मिळाला होता."

"मग तुमची निवड कशी झाली?"

"तेव्हा राखीव जागा होती."

परांजपेंनी सतरा नंबरला परत बोलावलं. आकृती पुन्हा खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली.

"बसा," परांजपे म्हणाले.

आकृतीने मागे वळून पाहिलं. आपल्यामागे आणखी कुणी आलंय का, ते.