निळा खेकडा

तळणीतून कोंबडी काढता काढता मान-शिकनं फोन पाहिला, आणि झारा तेलातच राहिला.

"आपल्या खात्यावर फसवणुकीचा प्रोग्राम आढळला आहे. खातं कायमचं बंद करण्यात येत आहे." इथवर ठीक होतं. केलं तसं भरलं. पण खाली आणखी एक ओळ होती: "याच व्यक्तीच्या नावावरची इतर सर्व खातीही बंद होतील."

इतर सर्व म्हणजे एकच. ते मान-शिकच्या नावावर होतं, पण खेळायचा त्याचा मुलगा उन-छान. शाळकरी पोरांचे ऑनलाइन खेळ मध्यरात्री बंद पाडायचा कायदा होता ना, तेव्हाचं ते. पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं आणि बापानं आपल्या नावावर खातं काढायला आपला फोन पुढे केला. इंचॉनमधल्या अर्ध्या बापांनी हेच केलं होतं. पुढे नाव बदलून घ्यायचं राहूनच गेलं. त्याच खात्यावर खेळून खेळून पोरगा पार वरच्या पायरीला पोचला होता. आणि आज चार वाजता सोलच्या एका गेमिंग क्लबाचे प्रशिक्षक त्याच खात्यावर त्याची चाचणी घेणार होते.

दुकानाच्या मागच्या खोलीतून कळफलकाचा खडखड आवाज येत होता. पोरगा सराव करत होता. म्हणजे अजून चालू आहे. कदाचित राहीलही चालू. देवा, आजचा दिवस राहू दे.

हे सगळं कशापायी, तर दोन शब्दांपायी. आई गेल्यापासून पोरगा घरात बोलायचाच नाही. जेवलास का, तर हं. झोप लागली का, तर हं. शेवटी मान-शिकनं गुपचूप दुसरं खातं काढलं, 'निळा खेकडा' असं नाव घेतलं, वय सांगितलं सव्वीस, आणि पोराच्या टोळीत शिरला. तिथं पोरगा काय बोलायचा, अहो, थांबता थांबायचा नाही! गप्पांच्या ॲपवर तर रोज लिहायचा. "खेकडा दादा, क्लबात लागलो की आधी अप्पांना त्या तेलापुढून उठवणार." ते वाचून मान-शिक कोठीत जाऊन, मुळ्याच्या लोणच्याच्या डब्यांआड, पोटभर रडला होता.

पण खेकड्याला खेळता कुठे येत होतं! "हा आजोबा कुठून पकडून आणलास रे?" टोळीतली पोरं म्हणायची. हाकलूनच देणार होती. तेव्हा त्यानं ते भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारं हॅक विकत घेतलं. याला पकडणारा अजून जन्माला यायचाय, अशी विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून ग्वाही दिली होती. जन्माला आला होता मेला. आजच आला होता.

खडखड थांबली.

दार उघडलं. उन-छानचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अप्पा, माझं खातं बंद केलं."

"असं कसं?" मान-शिकनं पाठ फिरवून तळणीखालचा गॅस बंद केला. आतली कोंबडी काळी ठिक्कर पडली होती.

"तुमच्या नावावर कुणीतरी दुसरं खातं काढलंय. त्यावर हॅक सापडलं. कोणतं खातं ते सांगत नाहीत. अप्पा, आठवा जरा. कुठल्या भलत्याच लिंकवर बोट ठेवलं होतंत का? पार्सल आलंय म्हणून, बक्षीस लागलंय म्हणून? हजारदा सांगितलं होतं मी!"

"ठेवलं असेल बाबा," मान-शिक म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं."

"जाऊ दे, तुम्ही घाबरू नका. तुमची काय चूक." पोरगं उलट त्यालाच धीर देत होतं. "उद्या पोलिसांत तक्रार करू. माहिती चोरणाऱ्याला सोडायचं नाही."

तेवढ्यात प्रशिक्षकांचा फोन आला. उन-छान फोनपुढेच कमरेत वाकून बोलत होता. "हो सर. नाही सर, आईशपथ सर, मी नाही. हो, आत्ता विचारतो." फोन ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"अप्पा, दुसऱ्या खात्यावर चाचणी घेतो म्हणाले! फक्त रोज माझ्याबरोबर खेळणाऱ्या कुणीतरी त्यांना फोन करून सांगायचं, की पोरगा स्वच्छ खेळतो. घरचा माणूस चालणार नाही, परकाच हवा."

"आहे का असा कोणी?"

"आहे ना! आमचा खेकडा दादा. एवढा सज्जन माणूस नाही बघा, अप्पा. तो माझ्यासाठी नाही म्हणायचा नाही."

"अरे, थांब जरा," मान-शिक म्हणाला. "कामात असेल तो."

पण पोरानं ॲपवरून फोन लावलाही होता.

मान-शिकच्या एप्रनच्या खिशात फोन वाजू लागला. तो हलला नाही. हाताला पीठ होतं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"तुमचा वाजतोय," उन-छान आपला फोन कानाला लावून म्हणाला. मग वैतागून त्यानं कट केला. "दादा उचलत नाहीये."

खिसा गप्प झाला.

उन-छाननं बापाकडे पाहिलं. मग ॲपवरून पुन्हा दादाला फोन लावला. या खेपेला फोन कानाला नेला नाही, हातातच धरला. खिसा पुन्हा वाजू लागला.

भिंतीवर चार वाजायला आले होते.

"उचला, अप्पा," तो म्हणाला.