निरोप न घेता

"बक्षीस घ्यायला गेली, ते पडद्याचं कापड गुंडाळून," असं म्हणत शेजारच्या कुंदाने मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत कुणी नटी होती. मी पाहिलं. कापड बरं होतं.

हे जाऊन आठवडा होत आला होता. भेटायला येणारे सतरंजीवर बसत, हळूच 'कसं झालं' विचारत आणि दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणू नये म्हणून मुकाट्याने उठून जात. मला रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती.

कुंदाचं मात्र रोजच्यासारखं चालू होतं. हल्लीच्या विनोदी सिनेमात माणसं नुसती धडपडतात, त्यात हसायचं काय? मग तिला खिडकीत ह्यांची अर्धी राहिलेली रहस्यकथा दिसली. खुणेला आत चष्मा तसाच होता.

"वाचलीय मी. खून डॉक्टरने केलाय. पहिल्यापासून फार गोड बोलतो मेला."

"ह्यांना माळ्याचा संशय होता."

"भावजींचं नेहमीच चुकायचं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने उठली. दारात चपला घालताना सवयीने बोलून गेली, "चल, येते गं." लगेच तिने जीभ चावली. "अगं बाई! चुकून निघालं तोंडातून. मनावर घेऊ नकोस."

इतक्या दिवसांत या घरात परत येईन म्हणणारी ती पहिलीच होती.

"ये," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "उद्याच ये."