तेराव्याची पानं

"अप्पांच्या तेराव्याला जेवायला या," असं वडील गेल्यावर सुधींद्रनं कॉम्रेड मित्रांच्या याहू ग्रुपवर लिहिलं आणि तिथं वाद पेटला. डाव्यांनी असल्या पंगतीत बसावं का? एकानं पिंडाची आणि कावळ्याची टिंगल केली. निदान अशा वेळी तरी श्रद्धेला डिवचू नका, असं म्हणणाऱ्याला बाकीच्यांनी प्रतिगामी ठरवलं. अप्पा गेले, वाईट झालं, एवढं मात्र कुणीच लिहिलं नाही. हीच मंडळी सुधींद्रच्या केशवापूरच्या याच घरात जमून देवाला शिव्या घालायची, तेव्हा कपाळाला गोपीचंदन लावलेले अप्पाच त्यांच्यापुढे चुरमुऱ्यांचं गिरमिट ठेवायचे. आज तेराव्याची पंगत बसली, तरी सुधींद्र कॉम्प्युटरपुढून उठेना. आई खोलीच्या दारात आली. "तुझे मित्र कुठायत रे?" "अजून चर्चा चाललीय, आई." "मग त्यांची पानं मांडूनच ठेवते," ती म्हणाली. "अप्पा म्हणायचे ना, भांडून पोरांना फार भूक लागते."