उमाबाईंची किडनी

उमाबाई सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. कुशीतले टाके ओढत होते, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. शेजारच्या खाटेवर सिंधू होती, आणि तिच्याकडं बघायचा धीर होत नव्हता.

परवा एकाच दिवशी दोघींनी किडनी दिली होती. उदगीरच्या उमाबाईंचा रक्तगट नवऱ्याशी, सिद्रामप्पांशी, जुळला नव्हता. हिमायतनगरच्या सिंधूचा तिच्या नवऱ्याशी, सुदर्शनशी. मग नांदेडच्या डॉक्टरांनी दोन्ही घरांना समोरासमोर बसवलं आणि अदलाबदल ठरली. अवयवदानाच्या सरकारी समितीनं मंजुरी दिली. सिंधूची किडनी सिद्रामप्पांना, उमाबाईंची सुदर्शनला.

सिंधूची किडनी ऑपरेशनच्या टेबलावरच चालू झाली. सुदर्शनची लघवीची पिशवी मात्र दोन दिवस कोरडी होती. आज त्याला पुन्हा डायलिसिस लावलं होतं.

"अक्का, तुम्ही जेवल्या न्हाईत." सिंधू कुशीवर हात दाबून उठली आणि त्यांच्या खाटेच्या कडेला येऊन टेकली.

उमाबाई वळल्या नाहीत. "तू चांगली दिलीस बाई. माझीच खोटी निघाली. तुझ्या मालकाला फसवल्यासारखं झालं."

"काय बोलून राहिल्या अक्का? डॉक्टर म्हणले ना, एखादीला लागतात आठ-धा दिवस. नव्या घरी आली हाय ती. मी सासरी गेले तवा महिनाभर तोंड उघडलं नव्हतं."

उमाबाईंना हसू फुटलं. त्यासरशी टाक्यांत कळ आली आणि त्यांनी सिंधूचा हात घट्ट धरला. "हसवू नको गं, मेले मी!"

सिंधूनं खिचडीची ताटली पुढं सरकवली. उमाबाईंनी चार घास खाल्ले.

चारच्या सुमाराला नर्स ऋतुजा दारातूनच ओरडली, "सुदर्शनकाकांना लघवी झाली! शंभर एमएल!"

एकमेकींना धरून, वाकत वाकत, दोघी काचेपाशी गेल्या. आत सुदर्शन डोळे मिटून पडला होता. खाटेला अडकवलेल्या पिशवीत तळाशी पिवळं पाणी दिसत होतं. सिंधूनं काचेला कपाळ टेकलं. उमाबाई श्वास रोखून नळीकडं बघत राहिल्या. एक थेंब पडला. मग आणखी एक.

तेवढ्यात फोन वाजला. उदगीरहून मुलगा होता, रुद्रेश.

"लघवी झाली रे, झाली!" त्यानं काही विचारायच्या आत उमाबाई म्हणाल्या. "अजून थेंब थेंब पडूनच राहिली हाय!"

"अप्पांना?"

"अप्पांना न्हाई रे, आपल्या सुदर्शनला."

"अन् अप्पा कसे हायत?"

"अगं बाई," उमाबाई हळूच म्हणाल्या, "आज ह्यांचं इचारायचंच राहिलं बघ."

सिंधूनं काचेवरचं कपाळ काढलं, डोळे पुसले आणि फोनकडं तोंड नेलं.

"अप्पा मजेत हायत, रुद्रेशभाऊ. मी तासातासाला इचारून राहिले ना. तीन लिटर झाली."