मागावरचं बोलणं

पडद्यावर जयाबाई बोलत होती आणि तिच्या बोलण्यावर कुणीतरी बासरी वाजवत होतं.

हॉलमध्ये मागं लॅपटॉपपाशी बसलेल्या रचनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जयाबाई तिची आई. ते दृश्य रचनानंच टिपलेलं, वडगावातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये, माग चालू असताना. त्यात बासरी नव्हती. 'ही विणकर स्त्री आपल्या मागाला जुनं गाणं ऐकवते,' असं इंग्रजी निवेदन चाललं होतं, खाली तेच मराठीत आणि कन्नडमध्ये. मग आईचं वाक्य मधेच तुटलं आणि पडद्यावर कबुतरं उडाली.

गाणं म्हणे. जयाबाईनं पाळण्यापाशीसुद्धा कधी गाणं म्हटलं नव्हतं.

शेडमध्ये सगळे माग एकदम खडखडतात, तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसतो. म्हणून तिथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलतात आणि समोरचीचे ओठ वाचतात. सासूच्या कागाळ्या, पोरीचं स्थळ, आमटीला काय घातलं, सगळं असंच. रचनालाही ते लहानपणापासून येत होतं. माग बंद करून बोला, असं सिनेमा शिकवणाऱ्या फेलिक्सनं सुचवलं तेव्हा आईनं साफ नकार दिला होता. "माग थांबला की मालक बघायला येतोय. चालू असतानाच सांगते." शेजारच्या मागावरच्या मनिषाचा डोळा कुणामुळं गेला, एवढं तिला चार माणसांत सांगायचं होतं. त्यापायी काम सुटलं तरी बेहत्तर, असंही ती म्हणाली होती.

आणि ते सगळं दाखवीन, असा रचनानं शब्द दिला होता. आईचं बोलणं तिनं फेलिक्सला नीट समजावून सांगितलं होतं, पडद्यावर खाली अक्षरांत टाकायला.

फेलिक्स जर्मनीहून स्वयंसेवक म्हणून आलेला, गल्लीतल्या पोरापोरींना सिनेमा शिकवायला. 'तुमची गोष्ट तुम्हीच सांगा,' हे त्याचं पालुपद. मराठीतले दोनच शब्द तो शिकला होता, 'लई भारी', आणि ते चहापासून स्मशानापर्यंत सगळ्याला लावायचा.

"आईचं बोलणं कुठंय?" रचनानं त्याला इंग्रजीत विचारलं.

"फार कडवट होतं ते. शिवाय शेड रघुवीरअण्णांची, हा हॉलही त्यांनीच मिळवून दिला. शेवट आशेचा हवा." त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं. "लई भारी, रचना."

त्याच्या तोंडावर लॅपटॉप मारावा, असं तिला मनापासून वाटलं.

पहिल्या रांगेत रघुवीरअण्णा गळ्यातल्या हारासकट बसले होते. शेड त्यांना बापाकडून आयती मिळालेली, मागापुढं ते एक दिवस उभे राहिले नव्हते. त्यांच्या मागं शेडमधल्या साऱ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. त्यांत मनिषाही होती, पदर डाव्या डोळ्यावर ओढलेला. जयाबाईनं वळून लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, आवाज नाही.

'हेच दावणार हुतीस व्हय?'

रचनाला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. तिनं सिनेमा थांबवला. फेलिक्सनं हात पुढं केला तो झटकून टाकला, आणि मूळ दृश्य शोधून लावलं, कुणीही न कापलेलं.

हॉलमध्ये मागांचा खडखडाट घुमला. लहान पोरांनी कानात बोटं घातली.

"अगं, हे काय लावलंस?" अण्णा आठ्या घालून वळले. "कान फुटायची पाळी आली. आधी तो आवाज बंद कर."

"करते की, अण्णा."

रचनानं आवाज बंद केला. हॉल एकदम गप झाला. पडद्यावर आता फक्त जयाबाईचं तोंड होतं, भिंतीएवढं.

'मनिषाचा डोळा धोट्यानं गेला. सूत घेऊन पळणारा धोटा मागातनं उडतोय, म्हणून पुढं जाळी लागती. तिच्या मागाची जाळी कवाच मोडली हुती. अण्णास्नी मी सोता सांगितलं. बसवतो म्हणाले, बसवली न्हाय. आणि डोळा गेल्यावर म्हणाले, पोरगी डुलक्या घेत हुती. झोपली न्हवती ती. मी शेजारच्या मागावर हुते. माझ्या म्होरं झालंय ते.'

 बायकांच्या रांगेतल्या बायाक्कानं शेजारणीचा हात घट्ट धरला. मागं उभ्या असलेल्या भरमानं, मनिषाच्या नवऱ्यानं, तोही मागावरच राबणारा, खाली मान घातली. डुलक्यांची गोष्ट त्यानंही खरी मानली होती आणि बायकोला त्यावरून नको नको ते बोलला होता. मनिषानं डोळ्यावरचा पदर बाजूला केला.

"लोक कंटाळतील," फेलिक्स कुजबुजला. "आवाजच नाही."

रचनानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती अण्णांकडे बघत होती.

अण्णा खुर्चीत आरामात रेलले होते. "हां, आता बरं वाटलं," ते मागं वळून म्हणाले. "पण जयाबाई बोलतेय काय ते काही कळेना."

नेहमी त्यांच्या शब्दाला हसणाऱ्या बायका हसल्या नाहीत. मनिषा उठून उभी राहिली.

"आमास्नी कळलं, अण्णा," ती म्हणाली. "रचना, पुन्यांदा लाव गं."