हातांची तालीम

खर्र करून स्टूल फरशीवर सरकलं आणि दुपारच्या घरातली शांतता मोडली.

ती खुर्चीत बसून नळीतून श्वास आत ओढत होती. फुप्फुसांच्या व्यायामासाठी दिलेल्या प्लास्टिकच्या डब्यातले तिन्ही चेंडू वर जाऊन टेकले होते. सुरुवातीला एकच कसाबसा उडायचा. आता तिन्ही मुकाट्याने वर जात आणि ती सोडेपर्यंत खाली येत नसत. स्टुलाच्या आवाजानेही तिने श्वास मोडला नाही. मनात तीनपर्यंत मोजलं आणि मगच चेंडूंना खाली येऊ दिलं.

"निघाली बघ स्वारी," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

स्वारी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. पायाला म्हणून स्वस्थता नाही, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगीचं वजन चौदा किलो. हा आकडा सध्या घरात सगळ्यांना पाठ होता, कारण मुंगीची आई परवा हॉस्पिटलात दाखल होणार होती. हृदयातली एक झडप बदलायची होती. त्यासाठी छातीचं हाड मधोमध कापणार, मग तारेने पुन्हा बांधणार, आणि ते नीट सांधेपर्यंत तीन महिने दोन लिटर दुधापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं बजावलं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सगळं आधीच करून घेतलं होतं. खोकताना उशी छातीशी घट्ट कशी धरायची, हाताची घडी न सोडता कुशीवर वळून पलंगावरून कसं उठायचं, सगळं. पोरीचं काय करू, असं हिने विचारल्यावर मात्र बाई हसल्या होत्या.

"तुम्ही नाही हो उचलणार तिला. तुमचे हात उचलतील, तुम्हाला न विचारता. त्यांची तालीम घ्या आत्तापासून."

म्हणून गेले आठ दिवस घरात नवा खेळ चालू होता. मांडीवर यायचं तर मुंगीने स्वतः स्टूल आणायचं, स्वतः चढायचं. आईने उचलायचं नाही. मुंगी दोन दिवसांत तरबेज झाली. नापास होत होती ती आई. एकदा न्हाणीघरात ओलीचिंब मुंगी हात वर करून उभी राहिली, आणि हिला कळेपर्यंत ती कडेवर होती. एकदा रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं तेव्हा. आणि एकदा तर काही निमित्तही नव्हतं. झोपेतून उठून डोळे चोळत आली, एवढंच. मुलगी वरच्या वर्गात गेली, आईला मात्र त्याच वर्गात बसवलंय, असं नवऱ्याने जेवताना जाहीर करून टाकलं. सगळ्यात जास्त आईच हसली होती.

बाकी कशाची तिला धास्ती नव्हती. मुंगीने विचारावं आणि हिने फटकन सांगावं, असं चाललं होतं. दुखेल का? तेव्हा मी गाढ झोपलेली असणार. नवी झडप वाजेल का? घड्याळासारखी, अगदी बारीक. कान लावलास तर ऐकू येईल. तार गंजेल का? हे तिने डॉक्टरांना विचारून येऊन सांगितलं. नाही गंजत.

स्टूल आता खुर्चीपाशी आलं होतं. मुंगीने घाईघाईने एक पाय वर टाकला. स्टूल तिरकं लागलं होतं, ते कलंडलं, आणि मुंगी कोपरावर आदळली. क्षणभर आवाजच फुटला नाही. मग तिने जो टाहो फोडला तो शेजारपाजारी ऐकू गेला असेल. बसल्या जागेवरून तिने दोन्ही हात आईकडे वर केले.

सासूबाई धावल्या.

"आई, थांबा. येऊ दे तिला."

"अगं, लागलंय पोरीला. पुरे झाला आता तुमचा खेळ."

"ऑपरेशननंतरही पडेलच ना ती."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. मुंगी रडत होती आणि हात खाली घेत नव्हती. आई खुर्चीतूनच बोलत राहिली. मी इथेच आहे, स्टूल सरळ कर, चारही पाय जमिनीला टेकव, मग ये. आवाज तिचा जराही हलला नाही. आवाज ताब्यात होता. हात मात्र केव्हाच मांडीवरून निघाले होते. तिने ते मागे ओढले, दोन्ही मांड्यांखाली सारले आणि सगळा भार टाकून त्यांच्यावर बसून राहिली.

शेवटी मुंगीचेच हात दमले. तिने बाहीला नाक पुसलं. स्टूल उभं केलं, खुर्चीला भिडवलं, हलवून पाहिलं. मग स्टुलावर पाय, खुर्चीच्या हातावर गुडघा, आणि आईच्या मांडीवर धपकन आली.

तेव्हा कुठे आईने हात सोडवले आणि तिला कवेत घेतलं. त्याला मनाई नव्हती. कोपर वाकवून पाहिलं, सरळ करून पाहिलं. थोडं खरचटलं होतं, बाकी ठीक.

"झालात बाई पास, दोघीही," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. जरा जास्तच वेळ आत राहिल्या.

मुंगीचे हुंदके हळूहळू थांबले. आईचा हात मांडीवर ओढून ती बघत बसली. तळव्यावर खुर्चीच्या वेताच्या विणीचे लाल चौकोन खोल उमटले होते. मुंगी एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात बोट फिरवत राहिली.

"आई," मुंगीने विचारलं, "मी रडत होते तेव्हा तू हातांवर का बसली होतीस?"