गालाची पारख

"हाही गेला." मास्तरांनी निळ्या मखमलीचा तुकडा खिडकीपाशी धरला. मधोमध फिका, तांबूस डाग.

शिवणघरातली मशीनं थांबली.

"काका, इस्त्रीच्या पाण्यात काय घालता?"

"पाण्यात? पाणीच घालतो, मास्तर," इस्त्रीवाले काका म्हणाले.

कुणी हसलं नाही.

कापणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीचा हात गालाकडे गेला. अर्ध्यातच खाली आला.

गालावर जेल होतं. मुरुमांवरचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यात अँटिबायोटिक आहे, आणि जोडीला जे औषध आहे ते कापडाचा रंग खातं. उशीला पांढरा अभ्रा घाला. तिने घातला. घरी डोळ्यांत तेल घालून जपलं.

इथे मात्र—

इथे कात्री लावण्याआधी प्रत्येक तुकडा ती गालावरून फिरवायची. मखमलीची लव कुठल्या अंगाला झुकते ते बोटांना कळत नाही. सुयांनी बोटं राठ होतात. "आमच्या पोरीचा गाल म्हणजे सोनाराचा काटा," मास्तर गिऱ्हाइकांना सांगत. त्या गालासाठीच तिला ठेवलं होतं.

आज सकाळी जेल लावून ती निघाली, तेव्हा आईने निळा टॉवेल पुढे धरला. "अगं, हा कशाने विटला?"

वाटभर ती मखमलीवरचे डाग एकेक करून आठवत होती.

सांगून टाकावं.

(मग? मास्तर तिच्या तोंडाकडे बघतील. सगळेच बघतील. नीट, जवळून. आणि मग दार दाखवतील.)

सांगावं. आत्ता. आत्ता.

"काका, तुम्ही घरी जा," मास्तर म्हणाले. "आज इस्त्रीला हात लावू नका. हा एवढा शेवटचा तुकडा उरलाय. असं कापड आता मिळायचं नाही. हा स्वच्छ राहिला, तर उद्या येऊ नका."

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. चष्मा पुसला. जाताना तिच्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "मी नसताना डाग पडला, तर मी सुटलो. नाही का गं, बाळ?"



मास्तरांनी तुकडा तिच्या हातावर ठेवला. "बघ गं लव. जपून."

तिने डोळे मिटले. गाल टेकवला. नेहमीपेक्षा जरा दाबून. मग, एरवी कधी करत नसे, दुसराही.